चौकाचा मान

शलाका प्रधान बडोद्याच्या नागरवाड्यात वाढली. पणजोबांनी सरकारात कारकुनी केलेली, वडील कोयलीच्या रिफायनरीत; घरात नकाशे काढणारी ती पहिलीच. बरोबरचे आर्किटेक्ट अहमदाबादला गेले, परदेशी गेले. ती बडोद्यातच राहिली. लोकांच्या बाल्कन्या बंद करून दे, सावली गावाकडच्या कारखान्यांच्या शेड आख, यात उमेदीची वर्षं सरली. वाईट काम तिने कधी केलं नाही, पण कुणाला हाताला धरून दाखवावं असंही एक नव्हतं.

म्हणून मांडवी या जुन्या दरवाजाजवळच्या चौकातलं मोडकळीला आलेलं वाचनालय उतरवायचं ठरलं आणि ट्रस्टचे अध्यक्ष जयवंतराव म्हणाले, "नवं तूच कर," तेव्हा ती हरखून गेली. रोज सकाळी चौकात जाऊन बसू लागली. सज्जे कुठल्या उंचीला येतात, उन्हाळ्यात माणसं कुठल्या भिंतीच्या सावलीला सरकतात, कुठून पाहिलं की मांडवीच्या कमानी दिसतात, हे बघत राहिली. तिच्या नकाशातली इमारत शेजारच्या घरांपेक्षा वीतभरही उंच नव्हती. जुन्याची नक्कल नव्हती, साधी विटांची होती. रस्त्याच्या अंगाला एक लांबलचक ओटा, कुणीही टेकावं असा.

त्या ओट्यात मथुराबाईचीही जागा होती. वाचनालयाच्या भिंतीशी आधी तिची सासू फुलं विकायची, मग ती. पाडकामाआधी तिला उठवायला कुणी धजेना, तेव्हा शलाकाच गेली.

"मथुराबाई, इमारत झाली की ओट्यावर हीच जागा तुमची. माझा शब्द."

"तुम्ही म्हणता म्हणून, ताई," एवढंच बोलून मथुराबाईने टोपली उचलली आणि मागच्या गल्लीत जाऊन बसली.

पाया भरला त्याच हिवाळ्यात जयवंतराव गेले. त्यांच्या जागी देवेंद्रभाई आले, मोठे गोड बोलणारे.

"बेन, नुसत्या वाचनालयावर ट्रस्ट चालतो का? वर दोन मजले चढवू, भाड्याने देऊ."

"मग मांडवी झाकली जाईल."

"चौकाचा मान तर राखायचाच आहे ना! म्हणून तर दर्शनी बाजूला कमानी लावतोय. फायबरच्या, पण अगदी जुन्यासारख्या."

"सोडून दे हे काम," नवरा, संजीव, त्या रात्री म्हणाला. पण आपण सोडलं तर ओटाही जाईल, असं तिला वाटलं. ओटा राहावा म्हणून तिने मजले मान्य केले. मग ओट्यापायीच विटा सोडल्या, तिथे काच आली. मग ओट्याची लांबीही कमी झाली. दर वेळी घरी येऊन ती स्वतःची समजूत घालायची, मुख्य ते तर वाचलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ओट्याला स्टीलचं रेलिंग बसलं. "लोक बसले की कचरा होतो, बेन," देवेंद्रभाई म्हणाले. समारंभात तिला शाल मिळाली, टाळ्या पडल्या. प्रवेशद्वारापाशी दगडात तिचं नाव कोरलं होतं. तिने ते काढायला सांगितलं, तर तो विनय समजून सगळे हसले.

मथुराबाई गल्लीत नव्हती. शोधत शोधत शलाका पाणीगेटकडच्या एका घरी पोचली. मागच्या मोरीत मथुराबाई भांडी घासत होती.

"गल्लीत आत फुलं घ्यायला कोण येतंय, ताई?"

शलाका माफी मागू लागली, तशी मथुराबाईने पदराला हात पुसले.

"राग नाही हो. तुम्ही शब्द दिलात, तेव्हाच मी धरून चालले होते, हे काही व्हायचं नाही. तुमचं मन मोडवेना, म्हणून उठले."

त्यापेक्षा तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर शलाकाला बरं वाटलं असतं. मथुराबाई पुन्हा भांड्यांकडे वळली होती.

पुढे एका कॉलेजने जुन्या चौकांवर बोलायला बोलावलं. तब्येत बरी नाही, असं तिने कळवून टाकलं. संजीव म्हणतो, लोक विसरतील. तेच तर तिला सोसत नाही. थोड्या वर्षांनी, इथे उभं राहिलं की मांडवी दिसायची, हे कुणाच्या गावीही नसेल. त्या फायबरच्या कमानींपुढे पोरंपोरी हौसेने फोटो काढत असतील.