माय येती

आमचे दाजी, म्हणजे माझ्या आक्काचे मालक, चारचौघांत मुके होते म्हटलं तरी चालेल. पाहुणा आला की "बसा" आणि "चहा घ्या", संपलं. पण हाताची पाठ ओठांना लावून त्यांनी हवा ओढली, की हुबेहूब सशाचं पिल्लू रडायचं. माझ्या अंगावर काटा यायचा.

उजाडता उजाडता तुरीच्या बांधाला जाळं लावायचं, आड बसायचं आणि ते रडणं काढायचं. थोड्या वेळात कान टवकारून ससा यायचा, सरळ जाळ्यात. मी बोरीच्या शाळेत मास्तर. हा गुन्हा आहे, आत टाकतील, असं किती वेळा सांगितलं. ऐकतील तर शपथ. एकदा विचारलं, ससा आपणहून मरायला येतोच कसा? जाळं गुंडाळत म्हणाले, "ससा न्हाई, माय येती. बाप येत न्हाई." त्या दिवशी मला सशाचं कालवण गेलं नाही. पुढच्या आठवड्यात गेलं, खोटं कशाला बोलू.

लग्नानंतर नऊ वर्षांनी आक्काला मुलगी झाली. तीन महिन्यांची असताना तापानं फणफणली आणि परभणीच्या वाटेवर जीपमध्येच गेली. गावातल्या बायका बोलायला मोकळ्याच. सशांच्या मायांचा तळतळाट लागला म्हणे. मला त्यांचा अजून संताप येतो. दाजींनी सगळं ऐकून घेतलं, आणि महिनाभरानं पुन्हा जाळं उचललं. का, ते मला आजही कळलेलं नाही.

मी सोबत होतो. दाजींनी रडणं काढलं आणि तुरीतून ससा नाही, शेतातल्या आखाड्यावरच्या खोपटातून आक्का धावत आली. अनवाणी, ब्लाउज दुधानं भिजलेला. जाळ्याशी थांबली आणि म्हणाली, "कुठंय?" दाजींनी हात पाठीमागं लपवला.

जाळं त्याच दिवशी चुलीत गेलं. आक्काचं मात्र उलटंच झालं. ती मागं लागली, "आवं, एकदा वाजवा की. तिच्यावानीच वाटतंय." दाजी उठून बाहेर जायचे. बारा वर्षं हे चाललं. कशाला त्या माणसाला जाळतेस, म्हणून मी तिला रागावलो, तर तिनं मला घराबाहेर काढायचंच काय ते बाकी ठेवलं.

गेल्या दिवाळीनंतर दाजींची छाती पार गेली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. शेवटच्या दुपारी आक्का उशाशी बसली होती, त्या दिवशी तिनं काहीच मागितलं नाही. दाजींनीच हात उचलला आणि त्याची पाठ ओठांना लावली. ओढायला दम नव्हता. आवाज फुटलाच नाही, नुसती हवा हलली.

आक्का त्यांच्या तोंडाशी वाकली आणि म्हणाली, "आले गं बाई, आले."