काचेची खोली आणि आण्णांची चप्पल

"मॅडम, तुमच्या काचंच्या खोलीपायी माझी डॉक्टर नोकरी सोडून चाललीय. आधी हिकडं या!"

उमरग्याहून आण्णांचा फोन. शेळीपालकांना सल्ला देणारी त्यांची कंपनी आहे. मी इंटिरियर डिझायनर. त्यांचं नवं ऑफिस मी महिन्यापूर्वीच करून दिलं होतं. 'फ्लेक्सिबल' ऑफिस, म्हणजे टेबलांना चाकं. सकाळी टेबलं जोडून मीटिंग, दुपारी वेगळी करून ज्याचं त्याचं काम. आणि एकट्यानं शांतपणे काम करायला कोपऱ्यात काचेची 'फोकस रूम'. काच जाड, बाहेरचा आवाज आत येत नाही. मला त्या खोलीचा फार अभिमान होता.

मी पोचले तेव्हा कंपनीच्या जनावरांच्या डॉक्टर, रोहिणीताई, राजीनामा लिहूनच बसल्या होत्या.

"आवाज येत नाही, माणसं येतात," त्या म्हणाल्या. "काल एक शेळी अडली होती, पिल्लू आडवं. मी फोनवर एका बाईला काय करायचं ते सांगतेय, तेवढ्यात चौघं आत येऊन राम राम घालून गेले. एकानं पोरीच्या लग्नाची पत्रिका दिली. वर वाचूनही दाखवली!"

"शेळी?"

"वाचली. पुढची वाचेलच असं नाही. शनिवारपर्यंत बघते, नाहीतर मी चालले."

चूक लगेच कळली. आपल्याकडं ओळखीचा माणूस नजरेला पडला की राम राम न घालता पुढं जाता येत नाही. गेलं तर शिंगं फुटली म्हणतात. आणि मी डॉक्टरांना हलवायाच्या पेढ्यांसारखं काचेत मांडून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी काचेला दुधी फिल्म लावली. आतलं दिसेना, म्हणून लोक दार उघडून बघायला लागले.

"काय पाहिजे, काका?" मी एकाला विचारलं.

"काय न्हाय. आत कोण हाय, बघितलं."

मग दारावर लाल लाईट बसवली. ती लागली की आत काम चालू आहे, येऊ नका. तासाभरात एक म्हातारे शेळीपालक थेट आत.

"बाबा, लाल लाईट दिसली नाही का?"

"दिसली की! म्हणून तर आलो. लाईट हाय म्हंजी डॉक्टर हायत."

रोहिणीताईंनी राजीनाम्याचा कागद पुढं ओढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी मी खोलीसमोर खुर्ची टाकून बसले. सकाळभर तीच वर्दळ. दुपारी मात्र अजब झालं. लोक दारापर्यंत यायचे, खाली बघायचे आणि गुपचूप माघारी फिरायचे.

दाराबाहेर आण्णांची चप्पल होती. इथं खोलीत जाताना पायातलं बाहेर काढतात, आणि आण्णांची जाडजूड कोल्हापुरी अख्खं ऑफिस ओळखतं. त्यांचा रागही ओळखतं. पण आण्णा आत नव्हतेच. डॉक्टरांशी बोलून, ड्रायव्हरनं आणून दिलेले बूट चढवून ते केव्हाच सोलापूरला लग्नाला गेले होते. डॉक्टर आत एकट्याच, संध्याकाळपर्यंत निवांत फोन घेत होत्या.

आण्णा परतल्यावर मी सगळं सांगितलं. ते जरा हिरमुसले.

"म्हंजी लोक मला लई भितात?"

"तुम्हाला नाही, चपलेला," रोहिणीताई म्हणाल्या.

"मग ऱ्हाऊ द्या तिथंच. म्या दुसरी घेतो."

शनिवारी डॉक्टरांनी राजीनाम्याच्या कागदाची घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या चाकाखाली घातली. मला हायसं वाटलं.

पुढं मी त्या ऑफिसचे फोटो काढायला गेले. नवीन गिऱ्हाइकांना दाखवायला लागतात. फोटोत चप्पल बरी दिसत नव्हती, म्हणून पाच मिनिटं बाजूला ठेवली. कॅमेरा लावेपर्यंत तिघं आत जाऊन बसले होते. फोटोत तेही आलेत, छान हसतायत.

हल्ली ऑफिसचं काम आलं की आधी एक दिवस मी नुसती दारात बसून राहते. नकाशाला नंतर हात लावते.