आमच्या गोलकीपरची लेक

बालकल्याण समितीसाठी घरोघर चौकशी करत हिंडणाऱ्या सुरेखाताईंना कोल्हापुरातलं सगळं कळायचं, फुटबॉल सोडून. आणि नेमकी तक्रार आली शिवाजी पेठेतनं, फायनलच्या आठवड्यात. अमरसिंह आठ वर्षांच्या लेकीला, अनुजाला, मारतोय म्हणं. तक्रार शेजारच्या केरबाची. आता अमरसिंह एका टीमचा गोलकीपर आणि केरबा समोरच्या टीमचा कट्टर. म्हणजे झालंच की.

गल्लीत ज्याला विचारावं त्यो आधी टीम सांगायचा, मग साक्ष द्यायचा. एकांसाठी अमरसिंह देवमाणूस, दुसऱ्यांसाठी राक्षस. पोरीचे वळ कुणी बघितले नव्हते, पण गेल्या वर्षीची पेनल्टी मात्र सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली. पोरीच्या आईनं चहा गाळता गाळता, कपाकडंच बघत, जिन्यावरनं पडली म्हणून सांगितलं. अमरसिंह तर खुशीत. लेक म्हणजे टीमची लई मोठी फॅन, निकाल कळल्याबिगर तिला घास जात न्हाय. गल्लीनं कौतुकानं माना डोलावल्या. बापावर किती ती माया.

ताईंनीबी मनात ठरवून टाकलं, खुन्नशीतनं केलेली खोटी तक्रार. पण पोरीशी एकटीशी बोलल्याबिगर तसं लिहिता येत न्हाय. म्हणून शाळेच्या कट्ट्यावर तिच्याशेजारी टेकल्या आणि आपलं काहीतरी विचारायचं म्हणून मॅचचं विचारलं.

"जिंकली की पप्पा भेळ आणत्यात."

"आणि बरोबरी झाली की?"

"नुस्त्या शिव्या."

"हरली की गं?"

पोरीनं फ्रॉक गुडघ्याखाली ओढला. "मी आदीच कॉटखाली जाती. पण पाय राहत्यात भाईर."

ताईंनी पिंडऱ्यांवरचे वळ बघितले, डॉक्टरनंबी बघितले. मग आईबी बोलली. तक्रार खरी, असं ताईंनी लिहून दिलं. समितीनं पोरीला इचलकरंजीच्या मावशीकडं ठेवायचं ठरवलं, आईबी तिच्यासंगं निघाली.

अमरसिंहाच्या माणसांनी ताई समोरच्या टीमला फितूर झाल्या असं जाहीर केलं. केरबानं कप जिंकल्यागत पेढे वाटले. एक ताईंपुढं धरला.

"केरबा," ताई म्हणाल्या, "भिंतीपलीकडं पोरगी वर्षभर रडत हुती. तू फायनलची वाट बघत हुतास व्हय?"

केरबानं पेढा खोक्यात परत ठेवला.

एसटीपाशी अनुजा मावशीला विचारत होती, तुमच्याकडं मॅच असत्यात का.

"आमच्या गल्लीत न्हाईत बाई," मावशी म्हणाली. "नुस्तं कापडाचे माग धडधडत्यात."

ते ऐकल्यावर पोरगी गाडीत चढली.