अण्णाची पिवळी रेघ

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आप्पाजवळ तर नाहीच. दोनतीनदा ओठांवर आलं होतं — मग मी चहा मागवला आणि विषय बदलला. तुम्ही आमच्या गावचे नाही, अण्णाला ओळखत नाही, म्हणून जमतंय कदाचित.

अण्णा म्हणजे परशराम अण्णा, माझ्या वडिलांचा, आप्पाचा, चुलत भाऊ. आम्ही सगळे कंग्राळीचे. त्याचं गॅरेज अनगोळात. टर्बोच्या गाडीत विश्वासानं हात घालू द्यावा अशी माणसं बेळगावात मोजकीच, आणि अण्णानं केलेलं काम परत उघडून बघायची कुणाला गरजच वाटायची नाही. त्याची एक पद्धत होती. क्लिप असो, बोल्ट असो, आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. रेघ सरळ दिसली म्हणजे बोल्ट हललेला नाही. रेघच नसली म्हणजे अजून आवळायचा राहिलाय. आम्ही चिडवायचो त्याला — काय अण्णा, हळद लागली का नवरीला?

माझी गाडी सेकंडहँड, पेट्रोलची, टर्बोवाली. नवी नोकरी, अंगात मस्ती. टर्बो इंजिनात हवा कोंबतो त्याचा दाब, बूस्ट म्हणतात त्याला, तो मी कंपनीनं दिलेल्यापेक्षा बराच वाढवून घेतला. आता एवढ्या दाबानं पळताना ॲक्सिलेटरवरचा पाय एकदम काढला तर ती दाबलेली हवा जायची कुठं? ती सोडायला एक वाल्व असतो. माझा कंपनीचा प्लास्टिकचा होता, तो वाढलेल्या दाबाला गळायला लागला. नवा घ्यायचा तर दोन प्रकार. एक हवा गुपचूप परत आतल्या पाइपात सोडतो. दुसरा सरळ बाहेर सोडतो — प्शूऽऽ करून! त्या आवाजापायी पोरं वेडी होतात हो. मीही झालो होतो.

अण्णानं पहिला निवडला. "तुज्या गाडीत आत जाणारी हवा मोजली जातीय रं. मोजल्याली हवा भाईर सोडलीस तर इंजिन त्या हवंचं पेट्रोल ओततंय, गुदमरतंय आणि बंद पडतंय. आवाज पायजे तर गाणी लाव." आप्पासमोर म्हणाला हे. मी आप्पासमोरच मान हलवली.

आणि महिन्याभरात निपाणीच्या एका मित्राकडून आवाजाचा वाल्व आणला. घरामागं, स्वतःच्या हातानं बसवला. अण्णाचा काढून डिकीत टाकला, मागं राहिलेल्या भोकाला बूच मारलं. काय सांगू तुम्हाला — हायवेच्या टपरीपाशी पाय काढला की माना वळायच्या. सिग्नलला मात्र गाडी आचके द्यायची. दोनदा बंद पडली. मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. अण्णाचा शब्द न् शब्द आठवत होता. पण लई शहाणा ना मी!

मग एका रविवारी सकाळी, निपाणीजवळच्या तवंदी घाटात, वळणाआधी पाय काढला, क्लच दाबला — आवाज झकास आला — आणि इंजिन बंद. स्टिअरिंग एकदम जड झालं, वळेचना. गाडी कठड्यावर जाऊन आदळली. मला नुसतं खरचटलं. गाडीचं तोंड चेपलं.

इथपर्यंतचा माझा मूर्खपणा. तो मी केव्हाच कुणालाही सांगितला असता, हसत हसत. पुढचं वेगळं आहे.

रविवारी गॅरेज बंद, म्हणून गाडी ओढून घरी आणली. दुसऱ्या दिवशी अण्णा बॉनेट उघडणार, आप्पा शेजारी उभा असणार, आणि तो चकचकीत वाल्व दोघांना दिसणार. त्या एका मिनिटाची लाज — दुसरं काही नव्हतं हो. दुपारी घरचे सगळे शेतात गेलेले. मी अण्णाचा वाल्व परत बसवला. पण त्याच्या क्लिपांवरच्या रेघा मोडलेल्या, अर्धी इकडं, अर्धी तिकडं. जुळेनात. फडक्यावर पेट्रोल घेतलं आणि पुसून टाकल्या.

निदान तिथं थांबलो असतो. नाही थांबलो. गाडी बंद का पडली, याला काहीतरी कारण लागणार, हे डोक्यात आलं — आणि मी टर्बोच्या मोठ्या पाइपाची क्लिप सैल केली. तिच्यावरची रेघही पुसली. अगदी शांतपणे केलं. नंतर साबणानं हात धुतले आणि जेवलो.

सोमवारी आमच्या अंगणात अण्णानं पाइपाला हात लावला तसा तो निसटून हातातच आला. क्लिपवर रेघ नाही. त्यानं चष्मा पुसला, परत बघितलं, बोटानं चाचपलं. आप्पा भडकला — "पोरगं मेलं असतं रं माजं!" अण्णा माझ्याकडं वळला आणि विचारलं, "मी आवळलीच न्हाय व्हय रं ही?"

भांडायला नव्हे. खरंच विचारत होता. तो ती क्लिप बसवत होता तेव्हा मी जवळच उभा होतो ना! मी बघितलं होतं त्याला आवळताना, रेघ ओढताना, ओल्या रंगावर फुंकर घालताना. त्या अंगणात खरं ठाऊक असलेला मी एकटा. आणि मी म्हणालो, "गडबडीत ऱ्हायली असंल, अण्णा. होतंय असं."

होतंय असं! वर त्याची समजूत काढली मी.

त्यानंतर त्यानं जुन्या गिऱ्हाइकांना फोन करकरून गाड्या परत बोलावल्या, एकेक क्लिप तपासली. एकही सैल निघाली नाही. त्याला वाटलं, तेही आपल्याला नीट दिसत नसेल. मुलानं डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. अण्णाला ते पटेना. "माज्या हातानं कुणाचं तरी लेकरू जाईल," म्हणाला आणि वर्षाच्या आत गॅरेज बंद केलं. तेव्हा साठीसुद्धा झाली नव्हती त्याची.

आता तो कंग्राळीत घरीच असतो. गॅस बंद आहे का ते चारचारदा उठून बघतो. घरातल्यांनी त्याला विसराळू ठरवलंय. बोलतात ते मोठ्यानं, सावकाश, एकच गोष्ट दोनदा. तो ऐकून घेतो. मला हे सगळं दिसतं. आणि मी सण असला की पेढे घेऊन जातो, पाया पडतो, बसतो, उठतो.

परवा माझ्या मुलीच्या बारशाचं सांगायला गेलो होतो. गुरुवारी दुपारी बारा वाजता, म्हणालो. तो बरं म्हणाला. मग मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं, सावकाश, पुन्हा सांगितलं — "गुरुवारी हं, अण्णा. दुपारी बारा."