शंभरपैकी शंभर

आमच्या शाळेचे बँडमास्तर हार्लन मिकेस्का यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. टेक्सासमधलं आमचं गाव ते केवढं! फुटबॉलमध्ये आम्ही दर शुक्रवारी मार खातो आणि 'बँड तरी बरा वाजला' म्हणत घरी जातो. ती सगळी मास्तरांची पुण्याई. मी शेजारच्या वर्गात इतिहास शिकवते, म्हणजे तालमीच्या वेळी इतिहास ओरडून सांगते.

डेल्फिना कांटू ट्यूबा वाजवायची. स्वतः एवढीशी, वाद्य तिच्याहून मोठं. तिला राज्याच्या विद्यापीठात नर्सिंग शिकायचं होतं. तिच्या घरातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच. आमच्याकडे वर्गातल्या पहिल्या दहा टक्के मुलांना तिथे थेट जागा मिळते. शंभरांच्या वर्गात ती नववी होती. शेवटच्या वर्षी समुपदेशक बाईंनी तिला सांगितलं, "बँड सोड, अवघड विषय घे."

हे कळताच मास्तर खसखस भरलेल्या गोड पावांचा, आमच्याकडच्या कोलाचींचा, डबा घेऊन तिच्या घरी हजर.

"राज्यस्पर्धा आहे गं, बाळा! तू गेलीस तर खालचा सूर कोण धरणार? आणि मी तुला शंभर देईन. शंभर मिळून कुणाचं वाटोळं झालंय का?"

पोरगी राहिली.

मी मास्तरांना अडवलं. "अहो, अवघड विषयातला 'ए' शेरा सरासरीत पाच धरतात आणि तुमच्या बँडचा चार. शंभर मिळाले तरी तिची सरासरी खालीच येणार."

"इतिहासवाल्यांना बेरजा कधीपासून यायला लागल्या?" ते हसले.

बँड राज्यात दुसरा आला. गावाने रस्त्यावर येऊन टाळ्या वाजवल्या. मग क्रमवारी लागली. बँड सोडून अवघड विषय घेतलेल्या दोघी पुढे सरकल्या आणि डेल्फिना अकरावी झाली. थेट जागा गेली. विद्यापीठाने तिचा अर्ज इतरांबरोबर तपासला आणि मार्चमध्ये नकार कळवला.

मास्तरांना जेवण जाईना. मुख्याध्यापकांकडे जाऊन म्हणाले, "माझा विषय तिच्या सरासरीतून काढा." नियम तो नियम. माझ्या वर्गात येऊन बाकावर मटकन बसले. "पोरीचा घास मी पळवला हो. माझ्या ढालीसाठी." मला 'सांगितलं होतं ना' म्हणायचं होतं. म्हटलं नाही, पण तोंडावर दिसलं असणार.

शेवटी ते तिची माफी मागायला निघाले. एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मलाही ओढलं. डेल्फिना बँडच्या खोलीत ट्यूबा पुसत होती.

"चुकलो, बाळा. तुला जाऊ द्यायला हवं होतं."

"असू दे, सर. राहायचं मीच ठरवलं." ती पुसत राहिली. मग म्हणाली, "एक विचारू? ते शंभर... मी खरंच तेवढं चांगलं वाजवायचे ना?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते खोटं बोलले असते तर मी त्यांना माफ केलं असतं.

"वाजवायचीस चांगलंच," ते म्हणाले. "पण शंभर मी सगळ्यांनाच देतो."

डेल्फिनाचा हात थांबला.

"त्या रॉयलाही? ज्याला सूर लागत नाही?"

"त्यालाही."