कमलाच्या आवाजासाठी प्लेअर

रायपूरजवळच्या बीरगावातल्या एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सध्या घरोघरी एकच विषय चघळला जातोय. लहानूभाऊ चेतनाबाईंना घेऊन बाजारात गेले! ऑटोत शेजारी बसून गेले, आणि चेतनाबाईंनी काठाची साडी नेसली होती. लोकांनी पाहिलं एवढंच, बाकीचं ज्यानं त्यानं आपल्या पदरचं घातलं. आता ती साडी नवी होती हे खरं, पण खरी गोष्ट वेगळीच आहे.

लहानूभाऊ रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, विधुर माणूस. घणांच्या दणक्यात डावा कान कामातून गेला. उजवा आहे, पण तोही मर्जी असली तर ऐकतो. त्यांची बायको कमला बुद्धविहारातल्या महिला मंडळात होती. मंडळानं एकदा हौसेनं पुरानी बस्तीतल्या स्टुडिओत जाऊन आपल्या गाण्यांची डिस्क काढली. डिस्क हाती आली त्या संध्याकाळी कमलानं ती लावली आणि विचारलं, "ओयखा पाहू, यातली मी कोणती?"

लहानूभाऊंनी सगळ्यांच्या वर चढणारा एक आवाज निवडला. "हे तू! वा!"

संसारात पहिल्यांदाच त्या तोंडातून 'वा' निघालं होतं. कमला पदर तोंडाला लावून हसली आणि चहा ठेवायला उठली.

बायकोचा गाता आवाज नवऱ्याला माहीत नसावा? कसा असणार! मंडळाचा सराव रविवारी, आणि लहानूभाऊंचा रविवार ओव्हरटाइमला वाहिलेला. घरात ती गुणगुणायची ती हे ड्यूटीवर गेल्यावर.

कमला गेली, आणि हाच माणूस रोज दिवेलागणीला डिस्क लावून बसू लागला. तो वरचा आवाज आला की डोळे मिटायचे. मग जुना प्लेअर बंद पडला तो पडलाच. नवा रायपूर शहरात नोकरी करणाऱ्या नातीनं, ईरानं, गाणी फोनमध्ये घालून दिली. "आजोबा, अब कहीं भी सुनो न!" आजोबांनी ऐकलं आणि फोन परत केला. "मले नाही पायजे. डासावानी वाजते."

म्हणून प्लेअर घ्यायचा. आणि सोबत मंडळातल्या चेतनाबाई कशाला? तर एका कानाच्या माणसाला पारख करायला दुसरं कोणी हवं, आणि सुरातलं चेतनाबाईंइतकं पाऱ्यात कोणाला कळत नाही. हे चेतनाबाईंनीच त्यांना सांगितलं होतं.

जयस्तंभ चौकाजवळच्या दुकानदारानं आधी हसून घेतलं. "चाचा, डिस्क आजकल कौन सुनता है?" मग माळ्यावरून दोन प्लेअर काढून धूळ झटकली.

पहिला अगदी स्वस्त, रिकाम्या डब्यासारखा हलका. गाणं लागलं तशी ढोलकी नुसती ढम्म ढम्म, आणि साऱ्या बाया एका पोत्यात भरल्यासारख्या. पण पोत्यातूनही तो वरचा आवाज निघालाच. "हेच द्या," लहानूभाऊ म्हणाले, "कमला बरोबर येऊन राहिली."

"काहून घाई करता? जलमभर हे ढम्म ढम्म ऐकान काय?" चेतनाबाईंनी दटावलं. "भैया, दुसरा लगाओ."

दुसराही गरिबाघरचाच, पण अंगानं भारी. दोन स्पीकर वेगळे, आणि बारीक आवाज कमी-जास्त करायला एक बटण. तेच गाणं लागलं आणि पोत्याचं तोंड सुटलं. एकेक बाई वेगळी उभी राहिली, कोणाचा श्वास, कोणाची बांगडी. ती ओळ आली. लहानूभाऊंचे डोळे मिटले.

"अवं माय! किती साजरी गायली व मी!" चेतनाबाईंनी टाळी वाजवली.

डोळे उघडले. "तुम्ही?"

"मंग कोण? माझाच आवाज हाय नं थो."

"थो कमलाचा हाय."

चेतनाबाई हसल्या, आणि समोरचा माणूस हसत नाही हे त्यांना उशिरा दिसलं. त्यांची जीभ पाऱ्यात कोणाला घाबरत नाही, पण तिथं ती अडखळली. "भाऊ, त्या दिवशी तिचा गळा बसला होता. सादं बोलता येत नव्हतं. रडाले आली बिचारी. मंग आम्ही तिच्या हातात झांज देली. तुमाले सांगतलं नाही तिनं?"

नव्हतं सांगितलं. मिळालेलं 'वा' परत करणं तिच्या जिवावर आलं असणार.

"चाचा, पॅक कर दूँ?"

"थांब. पहिल्यावर लाव."

पहिल्यावर झांज म्हणजे तेलात मोहरी पडल्यासारखी नुसती चरचर. दुसऱ्यावर तिचा ठोका न् ठोका सुटा, बाकीच्यांकडे पाहून घेऊन मग पडणारा, जरासा मागून. पण त्यावर चेतनाबाईंचा आवाज मांडवासारखा पसरलेला.

"भैया, ये गानेवाली को थोडा कम करो."

"गानेवाली यहीं खडी हाय!" चेतनाबाई म्हणाल्या.

दुकानदारानं बटण पिळलं. झांज लखलखून वर आली आणि गाणं पत्र्यासारखं झालं.

"अशी चिरकते काय मी?"

"चिरकू द्या."

दुसराच घेतला.

परतीच्या ऑटोत खोकं मांडीवर धरून लहानूभाऊंनी कमलाचा आवाज आठवून पाहिला. बोलता आवाज आला. भाजीवाल्याशी हुज्जत आली, 'जेवाले चला' आलं. मग तिला मनातल्या मनात गायला लावलं, तर दरवेळी चेतनाबाईच गायला लागल्या. हाताचा ठोका मिळाला, गळा मात्र कुठेच नव्हता.

"कमला कशी गाये?" त्यांनी विचारलं.

"जाड होता आवाज. खालचा. मी वर गेली की थे खालतं थांबे, माझ्यासाठी जागा धरून."

"म्हणून दाखवता?"

चेतनाबाईंनी पदर सावरला, खोल श्वास घेतला आणि सुरू केलं. पहिल्याच शब्दाला गळा सवयीनं वर गेला. थांबून पुन्हा धरला. पुन्हा वर. "नाही जमत, भाऊ."

"आणखी खालतं," लहानूभाऊ म्हणाले.