रेवदंड्यावरून तीन घिरट्या

नातीनं मला हा ब्लॉग उघडून दिला आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या विमानाचं लिहा ना." तिला वाटतं मोठी गंमत असेल. गंमत नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी मुंबईला गोदीत फिटर होतो आणि सुट्टीच्या दिवशी जुहूच्या फ्लाइंग क्लबात खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी शिकत होतो. सरकारी सवलत होती म्हणून जमलं; तरी दुपारचं जेवण बहुधा चहा-पावावर भागायचं. परवान्यासाठी एकट्यानं लांबची फेरी मारावी लागे. माझी ठरली जुहू ते हरिहरेश्वर आणि परत, मध्ये कुठंही न उतरता. आमचे शिकवणारे प्रधान सर म्हणाले, "हजार फुटांच्या खाली आलास तर परवाना विसर." वाट माझ्या गावावरून, रेवदंड्यावरून जात होती. आनंदाच्या भरात मी आईला कार्ड टाकलं, "रविवारी सकाळी विमान घेऊन येतो." वरून जाणार, एवढं लिहायचं राहिलं.

रविवारी आठाला निघालो. उघडं विमान, तोंडावर वारा, मांडीवर नकाशा. खरं तर नकाशाची गरजच नव्हती. उजवीकडे समुद्र आणि डावीकडे नारळ-सुपारीच्या वाड्या, एवढं धरलं की पुरे. अलिबागचा पाण्यातला किल्ला मागे पडला आणि आठेक मिनिटांत आमची खाडी दिसली.

खाली वाकून बघितलं. त्या दिवसांत आमच्या वाळूवर जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, सुकत घातलेला असतो, सगळीकडे गुलाबी दिसतं. त्या सकाळी वाळू लांबच लांब मोकळी होती. दोन टोकांना होड्यांचे बावटे रोवलेले, आणि कडेला अख्खा कोळीवाडा उभा. मी उतरणार म्हणून लोकांनी जागा करून ठेवली होती.

उतरता आलं असतं. तीन घिरट्या घातल्या, आईचं हिरवं लुगडं ओळखलं. मग प्रधान सर आठवले. पंख हलवले, सवयीनं मोठ्यानं "येतो गं!" म्हणालो आणि दक्षिणेला वळलो. हरिहरेश्वराला वरूनच हात जोडले. परतताना मुद्दाम चार मैल समुद्रात शिरून आलो, रेवदंडा दिसू नये म्हणून. भेकड होतो, दुसरं काय.

पंधरा दिवसांनी परवान्याचा कागद घेऊन गावी निघालो. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवस, एसटीनं अलिबाग, स्टँडसमोर भजी-पाव, मग दुसरी एसटी. (तुम्ही गेलात तर लाँचमध्ये वरचा बाक धरा, खाली डिझेलच्या वासानं मळमळतं.) विमानाला अर्धा तास लागला होता तिथं अख्खी सकाळ गेली.

वाटेत शेजारची हिरामावशी भेटली. "आयलास? आमचा जवला नारलाच्या बुंध्याला खत म्हनून घातला बग. कुजला सगला."

"मी गेल्यावर परत पसरायचा ना, मावशी!"

"कसा पसरू? तुजी आय बोलली, पान्यासाठी थांबलाय, ओहटीला उतरंल."

आमच्या होड्या खाडीच्या तोंडाशी पाण्याची वाट बघत अशाच फिरत राहतात. माझ्या घिरट्या बघून आईची खात्रीच पटली. संध्याकाळपर्यंत तिनं कुणाला वाळूवर पाय ठेवू दिला नाही, आणि बाजूला लावलेल्या ढिगात ओला जवळा तापून गेला. सात घरांचा.

आईनं कागदाकडे बघितलं नाही. जेवायला वाढलं. मग विचारलं, "तुला मी दिसली?"

"दिसलीस."

"मंग?"

"उतरलो असतो तर परवाना गेला असता, आये."

"व्हय," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

निघताना उंबऱ्याशी मी "येतो गं" म्हटलं.

"जातो म्हन," आई म्हणाली.

आमच्याकडे मयताच्या घरून निघतानाच तेवढं 'येतो' म्हणत नाहीत. एसटीत बसेपर्यंत मला रडूही आलं नाही.

परवान्याची मुदत संपली. पुढचे तास उडवायला पैसे नव्हते, तो पुन्हा चालू केलाच नाही. कागद अजून कपाटात आहे, नातीला त्याचा फोटो इथं लावायचा होता; मी नको म्हटलं. विमान कसं उतरवायचं हेही आता आठवत नाही. घरातून बाहेर पडताना सून मात्र रोज मागून म्हणते, "बाबा, येतो म्हणा ना." मी चपला घालतो आणि काही न बोलता निघतो.